थेंबआबांचं आठशे लिटर पाणी

आमच्या गावचे आबा एका तांब्यात अंघोळ करत. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून सांगतो की मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगणातल्या फरशीवर बसून ते पितळी तांब्यातल्या पाण्यात फडकं भिजवत, खसाखसा अंग पुसून काढत आणि राहिलेलं पाणी डोक्यावर अशा बेताने सोडत की ते मानेवरून पाठीवर, पाठीवरून कंबरेवर जाऊन फरशीवर जेमतेम एक ओघळ उतरे. तो ओघळही वाया जात नसे. फरशीच्या उताराला त्यांनी कढीपत्त्याचं झाड लावलं होतं.

शिरूर कासारपासून मोटारसायकलने वीस मिनिटांवर आमचं गाव. गावात कुठेही नळाची तोटी गळताना दिसली की आबा रस्त्यातच थांबत आणि ओरडत, "थेंब! आरं, थेंब पडतोय बे!" आवाज मेंढरं हाकून कमावलेला. घरातला माणूस भरल्या ताटावरून उठून तोटी आवळायला धावे. त्यामुळे त्यांचं नाव थेंबआबा पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं. "पानी सांडलं की मला कुनीतरी चिमटा काढल्यावानी व्हतंय," असं ते म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेंढरांमागे पार गोदाकाठापर्यंत पायी काढलेली. तीनशे मेंढरांना पुरेल इतकं पाणी त्यांनी परक्यांच्या विहिरींतून हाताने शेंदलं होतं. आपण नळाखाली हात धरतो तेव्हा पाण्याला वजन असतं हे आपल्या लक्षातही येत नाही. आबा ते कधी विसरले नाहीत.

अशा माणसाच्या नावाने दोन वर्षांपूर्वी, पौष महिन्यात, माझ्या दुकानात ते खोकं आलं.

शिरूरच्या बसस्टँडसमोर माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पार्सलवाले आमच्या गावापर्यंत जात नाहीत, गावाची पार्सलं माझ्याकडे टाकून जातात. हे खोकं दोघांनी मिळून उचलून आणलं. त्यावर मोठं रंगीत चित्र होतं : हवेने फुगवलेला निळा गोल हौद, त्यात गळ्यापर्यंत बुडालेले एक गोरा बाबा आणि एक गोरी बाई, दोघांच्या हातात काचेचे पेले आणि पाण्यावर फेस. शेजारचा चहावाला कपबशा सोडून बघायला आला. दहा मिनिटांत स्टँडवरची निम्मी माणसं दुकानापुढे जमली. मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. वडिलांच्या नावासकट आबांचंच होतं.

फोन केला तर आबा म्हणाले, "आलं का? थांब, आलोच."

तासाभराने ते वडापच्या जीपमधून उतरले. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी. कुणीतरी हसत विचारलं, "आबा, ह्ये काय मागवलंय?"

"हौद हाय. हवंचा. पानी गरम ठिवतंय."

"किती पानी बसतंय त्याच्यात?"

"आठशे लिटर," आबा म्हणाले.

हसणं तिथल्या तिथे थांबलं. मला कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. हा माणूस मला आयुष्यभर ग्लासातलं उष्टं पाणी कुंडीत ओतायला लावत आला होता. म्हातारपणी चळ लागला असं चहावाला हळूच म्हणाला, आणि मला त्याला गप्प करता आलं नाही.

खोकं टेम्पोत टाकून मी त्यांच्यासोबत निघालो. मागे खोक्याशेजारी आम्ही दोघंच. आबांनी खोक्यावर घोंगडी अंथरली. मग म्हणाले, "दत्ता, तुझ्या काकूसाठी हाय."

साळूकाकू म्हणजे आबांची बायको. संधिवाताने त्यांचे गुडघे सुजून गेले होते आणि बोटं आत वळली होती. हात खांद्याच्या वर जात नसे. चार वर्षं आबाच त्यांची वेणी घालत. झुबकेदार मिशांचा तो माणूस दारात बसून, दातांत कंगवा धरून बायकोचे केस विंचरतोय हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. त्याला मात्र कुणी कधी हसलं नाही.

"लेकीनं पुन्याला दवाखान्यात न्हेलं हुतं," आबा सांगू लागले. "तितं कोमट पान्याची मोठी टाकी हाय. हिला खुर्चीत बशिवलं आन आत सोडलं. मी काचंतून बघत हुतो. धा मिंटं झाली न झाली, दत्ता, तिनं दोनी हात वर केले. आन अंबाडा बांधला. सोताच्या हातानं." टेम्पो खड्ड्यातून उसळला तसं त्यांनी खोकं हाताने दाबून धरलं. "आल्या आल्या चार मेंढे इकले म्या, आन लेकीला ह्यो मागवायला लावला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो हौद मांडायला घेतला. गावाने त्याला पहिल्याच दिवशी 'फुगा' हे नाव देऊन टाकलं. घराच्या मागच्या बाजूला आबांनी जागा आधीच सारवून ठेवली होती. जमीन समपातळीत नसेल तर पाण्याचा भार एका कडेला येऊन फुगा कलंडतो, असं लेकीने कंपनीच्या माहितीतून फोनवर वाचून दाखवलं होतं. आबांनी ताटलीत पाणी घेऊन ती जमिनीवर दहा ठिकाणी ठेवली, आणि ताटलीतलं पाणी जिकडे कललं तिथे मूठमूठ माती टाकली. मग गुडघ्यांवर रांगत एकेक खडा वेचून काढला. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुनी सतरंजी, सतरंजीवर फुगा, शेजारी पाणी जाळीतून गाळून तापवणारं त्याचं यंत्र. चारी बाजूंनी पत्र्याचा आडोसा.

मी अर्थिंगसाठी खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, वेगळी लाईन ओढली आणि करंट गळाला तर त्याच क्षणी वीज तोडणारं स्विच बसवलं. ते दाबून तीनदा दाखवलं. आबांचं समाधान होईना.

"पान्यात शॉक बसला तर?"

"न्हाई बसनार, आबा. त्याच्यासाठीच तर हे सगळं केलंय."

"तरी बी आधी मी बसतो. बसायचाच आसंल तर मला बसू दी."

तिसऱ्या दिवशी पाणी तापलं. बोअरचं पाणी, पौषातली थंडी आणि मधूनच जाणारी लाईट यामुळे पूर्ण दोन दिवस लागले. झाकणावर आबांनी आपली घोंगडी पांघरून ठेवली होती. मग ते धोतरासकट आत उतरले. पाणी छातीपर्यंत चढलं तसा त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरून स्विचकडे हात नेला.

"काय झालं? बसला काय?"

"न्हाई रं," ते म्हणाले. "पाप केल्यावानी वाटतंय."

आणि लगबगीने बाहेर आले. त्यानंतर ते त्या पाण्यात कधीही बसले नाहीत.

काकूंसाठी त्यांनी विटांच्या रुंद पायऱ्या आणि धरायला लोखंडी पाईप केला होता. मी पत्र्याबाहेर बोर्डापाशी उभा होतो. आतून आधी कण्हण्याचा, मग पाणी हलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. खूप वेळाने काकूंचा आवाज आला, "आवं, कंगवा द्या."

आबांनी दिला असावा, कारण लगेच त्यांचा आवाज आला, "केस पान्यात पाडू नकू हां. जाळी तुंबंल."

काकू हसल्या. आबा बाहेर आले ते थेट गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ काम नसताना तिथेच उभे राहिले.

फुगा विकत घेणं एक आणि सांभाळणं एक. शहरातली माणसं म्हणे महिन्या-दोन महिन्यांत पाणी ओतून नवं भरतात. आबांच्या जिवाला ते सोसणारं नव्हतं. आठशे लिटर एकदाच घेतलं, आता ते टिकवायचं. रोज सकाळी जाळी काढून ओंजळभर पाण्यात पाकळी-पाकळी धुवायची. जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी टाकायची. औषध बरोबर आहे का ते बघायला कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगाशी जुळवायचा. आबांना अक्षरओळख बेताची होती, पण त्या पट्टीवरचा जांभळा आणि गुलाबी यांतला फरक त्यांनी मला शिकवला. आमच्याकडचं पाणी इतकं क्षाराचं की दीड महिन्यातच यंत्र बंद पडलं. मी उघडलं तर हीटरवर पांढरा थर. आबांनी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तो भिजवून, जुन्या ब्रशने घासून लख्ख केला. एकदा शेळीने पत्र्याच्या फटीतून शिंग घातलं आणि फुगा फुसकन खाली बसायला लागला. आबांनी छिद्रावर तळहात दाबून धरला आणि मी सायकलच्या दुकानातून सोलुशन आणेपर्यंत, तासभर, तसेच बसून राहिले. शेळीला मात्र मारलं नाही. "तिला काय म्हाईत," एवढंच म्हणाले.

चैत्रात गावाला टँकर सुरू झाले आणि ज्याची मला भीती होती ते झालं. एका सकाळी तीस-चाळीस माणसं आबांच्या दारात आली. पुढे माजी सरपंच, मागे रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका. त्यांतल्या बऱ्याच जणी नुकत्याच ऊसतोडीहून परतलेल्या, उन्हाने करपलेल्या.

"आमाला प्यायला पानी न्हाई आन तुमी पव्हताय?" माजी सरपंच गरजले. "गावाला थेंब थेंब म्हनून शिकवलं त्ये हेच्यासाठी का?"

मी फटफटी लावून आत शिरलो तेव्हा आबांचा चेहरा पांढरा पडला होता. हे ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर कधीच आली नव्हती. त्यांनी आडोशाचा एक पत्रा बाजूला केला आणि झाकण उघडलं.

"पौषात भरलंय," ते म्हणाले. "तेच पानी हाय. बदललं न्हाई."

"तीन महिन्याचं पानी?" कुणीतरी नाक दाबलं.

"वास घे की."

तो पुढे झाला, वाकला आणि सरळ होऊन मागे सरला. आबांनी पट्टी बुडवून सगळ्यांना दाखवली. ती कुणाला कळली नाही. पण तळाशी टाकलेलं नाणंही दिसेल असं नितळ पाणी सगळ्यांना दिसत होतं. माजी सरपंच तहसीलला अर्ज देण्याच्या गोष्टी करत राहिले.

एवढ्यात काकू काठी टेकत दारात आल्या. "माझ्यापायी हाय ह्ये, बाबांनो," त्या म्हणाल्या. "तुमाला पटत नसंल तर आत्ता सोडून देते. लिंबोन्या हायत मागं, त्यांना जाईल."

घागर काखेत धरलेल्या एका बाईने विचारलं, "काकू, पान्यात गेल्यावर दुखायचं थांबतंय?"

"पान्यात हाय तवर न्हाई दुखत. भाईर आल्यावर बी दोन दिस बरं वाटतंय."

ती बाई बघत राहिली. "माझं कंबरडं सहा महिने झालं…" एवढं म्हणून ती थांबली, कारण सगळे पुरुष तिच्याकडे बघत होते.

अर्ज कुणी दिला की नाही मला माहीत नाही. ती बाई मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या वाटेने आली. पुढच्या आठवड्यात चौघी आल्या. आबांनी नियम घातले : अंगाला तेल नको, आधी हातपाय धुवायचे, एका वेळी दोघीच. उन्हाळ्यात हीटर लावायची गरजच नव्हती, ऊनच पाणी तापवायचं. बायका आत असल्या की आबा आडोशाबाहेर बाजेवर पाठ करून बसत आणि त्या बाजूला फिरकणाऱ्या प्रत्येक पुरुषाला लांबूनच हाकलत. घरोघरी कुजबुज झाली, काही नवरे चिडले, पण त्या म्हाताऱ्याच्या राखणीवर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही. जाळी आता दिवसातून दोनदा धुवावी लागे आणि पाणी महिन्याने बदलावं लागे. आबा औषध थांबवून, झाकण उघडं टाकून ते चार दिवस उन्हात ठेवत आणि मगच लिंबोण्यांना सोडत. कुणी कौतुक केलं तर मला म्हणत, "काकूच करतीय समदं. मी नुस्ता जाळी धुतोय."

श्रावणात काकू गेल्या. ताप आला, छातीत कफ भरला, आणि तीन दिवसांत सगळं संपलं. सोमवारी त्यांनी मला चहा करून दिला होता, स्वतःच्या हाताने कप उचलून. गुरुवारी मी त्यांना खांदा दिला. आबा रडले नाहीत. लोक बोलत होते ते त्यांना ऐकू येत नसावं, असे बघत राहिले.

पंधराव्या दिवशी, तो गुरुवार होता, मी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. आता बिनकामाचा झालेला तो फुगा डोळ्यांसमोर असू नये, निदान लाईन तरी सोडवून घ्यावी असं मला वाटलं होतं. घरामागे गेलो तर आबा बाजेवर पाठ करून बसलेले. आतून बायकांचे आवाज येत होते.

"पिशवी कावून आनलीस?" त्यांनी विचारलं.

"म्हनलं, कनेक्शन काढून घ्यावं."

"कावून? परवा बायका येऊन रडल्या. मंग एक म्हनली, आता पान्याचं काय करायचं. म्या म्हनलं, करायचं काय, गरम हाय की."

आत कुणीतरी खळखळून हसलं. मोकळं, पोटातून आलेलं हसू. आवाज ओळखीचा वाटला, पण हसू ओळखीचं नव्हतं.

"आबा, आत कोन हाय?"

"तुझी माय."

मी पिशवी खाली ठेवली. माझी माय दर गुरुवारी भजनाला जाते असं मला सांगून जात असे. चैत्रापासून मी तेच समजत होतो.

"तिच्या कंबरंत मणका सरकल्याला हाय," आबा हलक्या आवाजात म्हणाले. "मोळ्या वाहून. कुशीवर वळता येत न्हाई तिला, बसून झोपती. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं. वीस हंगाम तिने ऊस तोडला होता, मी दुकान टाकलं तेव्हा कुठे ती थांबली. ती भिंतीला टेकून झोपते हे मी रोज बघत होतो. तिला तशी सवय आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या बायकोसाठी मी खड्डा खणला, वायर ओढली, स्विच तीनदा दाबून पाहिलं. आणि माझ्या घरात, माझ्या पलीकडच्या भिंतीला टेकून ती बसून झोपत होती. मी आबांच्या बाजेशेजारी जमिनीवर बसलो. आबांनी मला आणखी काही ऐकवलं नाही. फक्त म्हणाले, "तिला कळू दिऊ नकू आज. हसू दी."

संध्याकाळी मी मायला विचारलं, "सांगितलं का न्हाईस?"

ती भाकरी थापत होती. "सांगितलं असतं तर दुकान बंद ठिवून दवाखान्यात घेऊन गेला असतास," ती म्हणाली. "आन मी काय लई म्हातारी हाय का?"

ती हिवाळाभर जात राहिली. आता लपवून नाही.

माघातल्या एका गुरुवारी दुपारी आबा राखणीच्या त्या बाजेवर आडवे झाले होते. सकाळी त्यांनी जाळी धुऊन दोरीवर वाळत घातलेली. माय आली, ते झोपलेत असं समजून आवाज न करता आत गेली, अर्धा तास पाण्यात बसली. बाहेर येऊन डोक्यावर पदर घेत म्हणाली, "आबा, येते." उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिने त्यांच्या तोंडावरची घोंगडी बाजूला केली.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, दोन तास तरी झाले असतील. म्हणजे माय आत कोमट पाण्यात बसली होती तो सगळा वेळ बाहेर आबा नव्हते. अजूनही हे आठवलं की तिच्या अंगावर काटा येतो. "मला जरा बी भ्या वाटलं न्हाई रे आत," ती पुन्हा पुन्हा सांगते. "राखनीला हायतच असं वाटत हुतं." त्या दिवशी मी दुकान उघडंच टाकून आलो होतो. गावात मी शिरलो तेव्हा बायका आबांच्या दारात बसल्या होत्या, ऊसतोडीला न गेलेल्या जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या. त्या माणसाच्या मयताला इतक्या बायका आधी आणि पुरुष मागून, असं आमच्या गावात मी पहिल्यांदाच पाहिलं.

लेकीने फुगा नेला नाही. "असू द्या इथंच," म्हणाली. तो अजून आहे, तीन ठिकाणी ठिगळं लावलेला. जाळी बायका पाळीपाळीने धुतात. पट्टीचा रंग माय बघते आणि हीटरवर थर धरला की मला निरोप येतो.

दुकानावरून घरी आलो की चहाच्या आधी मी मायला विचारतो, "कंबर कशी हाय?" सुरुवातीचे कितीतरी महिने ती "बरी हाय की" एवढंच म्हणून उठून जायची. परवा उठली नाही. भिंतीला टेकून बसली होती, तशीच राहिली.

"लई दुखतंय रे आज," ती म्हणाली. "बस जरा हितं."

मी बसलो.